शंभर डॉलरचा ॲम्प्लिफायर आणि आपला कान

आपल्या व्यवसायबंधूंमध्ये हेडफोनवर संगीत ऐकणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. कारण उघड आहे. दवाखाना आटोपून घरी पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, घरची मंडळी निजायच्या तयारीत असतात, आणि अशा वेळी मल्लिकार्जुन मन्सूरांचा राग मोठ्या स्पीकरवर लावणे सदनिकेत शोभत नाही. मग चांगला हेडफोन घरात येतो आणि त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो : याला वेगळा ॲम्प्लिफायर हवा का, आणि हवा असल्यास कोणता? हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की, स्मरणिकेसाठी विषय शोधण्याची वेळ आली नाही.

स्वस्त आणि तरीही निर्दोष अशा ॲम्प्लिफायरची कथा २०११ पासून सुरू होते. स्वतःचे खरे नाव कधीही न सांगणाऱ्या एका अभियंत्याने त्या वर्षी ‘ऑब्जेक्टिव्ह-२’, म्हणजेच ‘ओ-२’, या ॲम्प्लिफायरचा आराखडा मोजमापांसह सर्वांसाठी खुला केला. सहज मिळणाऱ्या आयसी वापरूनही महागड्या उपकरणांच्या तोडीचे आकडे मिळतात, हे त्याने दाखवून दिले. २०१२ मध्ये हा गृहस्थ जो गप्प झाला तो कायमचा. त्याच वर्षी अमेरिकेतील एका कंपनीने ९९ डॉलरचा ‘मॅग्नी’ बाजारात आणला. कंपनीचे नाव ‘शिट’ असे असून सभ्य मेळाव्यात ते उच्चारण्याची पंचाईत होते. २०१८ मध्ये जेडीएस लॅब्जचा ‘ॲटम’ आला, तोही ९९ डॉलरचा. पुढे २०१९ च्या अखेरीस ‘शिट’ने एक गमतीदार गोष्ट केली. ‘मॅग्नी ३+’ आणि ‘मॅग्नी हेरेसी’ अशी दोन मॉडेले तिने एकाच किमतीत बाजारात ठेवली. पहिल्यात सुटे ट्रान्झिस्टर होते, तर दुसऱ्यात आयसी. कानावर विश्वास असणाऱ्याने पहिले घ्यावे आणि आकड्यांवर विश्वास असणाऱ्याने दुसरे, असा एकंदर मामला होता. या यंत्रांच्या सुधारित आवृत्त्या नंतर आल्या, परंतु वादाचे स्वरूप तेच राहिले आहे.

प्रथम आकडे पाहू. ओ-२, ॲटम आणि हेरेसी या तिन्हींमध्ये मूळ संकेताच्या तुलनेत गोंगाट आणि विरूपण १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते. आता त्यांतून आपण ऐकतो काय, ते पाहावे. सीडीची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९६ डेसिबल. उत्तम एलपीची ढोबळमानाने ६०, डॉल्बीविना कॅसेटची पन्नाशीच्या आसपास, आणि १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची त्याहूनही कमी. ज्या ध्वनिमुद्रणात खरखर मुळातच ४० डेसिबल खाली बसलेली आहे, त्याच्यासाठी ११० चा ॲम्प्लिफायर बरा की ११५ चा, हा प्रश्न म्हणजे १३.२ आणि १३.४ हिमोग्लोबिनच्या दोन अहवालांवरून औषध बदलण्यासारखा आहे. संख्या खरी असते, पण रोग्याला तिचा पत्ता नसतो.

तरीही ऐकणारे फरक सांगतात, आणि प्रामाणिकपणे सांगतात. त्यामागे बहुधा आवाजाची पातळी असते. अर्ध्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. म्हणून आम्ही मल्टिमीटर लावून, १००० हर्ट्झच्या स्वरावर ओ-२ आणि हेरेसी यांचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवून घेतले; हा फरक ०.१ डेसिबलहून कमी पडतो. त्याआधी उघड्या डोळ्यांनी ऐकताना धातूच्या पेटीतल्या हेरेसीचा तानपुरा ‘अधिक गहिरा’ असल्याचे एकमत झाले होते. नंतर यंत्रे पडद्याआड गेली, नाणे उडवून अदलाबदल माझा मुलगा करीत होता, आणि आम्ही तिघा डॉक्टरांनी प्रत्येकी १६ वेळा ओळखायचे होते. निव्वळ नशिबाने ८ बरोबर येतात. पाच टक्क्यांच्या कसोटीला उतरण्यासाठी किमान १२ हवेत. आम्हाला मिळाले ९, ७ आणि १०. त्यातले ७ आमच्या कान-नाक-घसातज्ज्ञ मित्राचे होते, हे केवळ नोंदीसाठी. नमुना लहान असल्याचे मान्य आहे, परंतु औषधाच्या बाबतीत जी शिस्त आपण मागतो ती गाण्यालाही लावायला हरकत नसावी.

याचा अर्थ सगळे ॲम्प्लिफायर सारखे, असा मात्र नव्हे. खरा आणि ऐकू येणारा फरक ‘आउटपुट इम्पीडन्स’मुळे पडतो. जुन्या इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरांत हेडफोनचे छिद्र स्पीकरच्याच मंडलाला रोधक लावून काढलेले असे, आणि १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने तर १२० ओहमची शिफारस केली होती. ३०० ओहमच्या झेनहायझर हेडफोनचा रोध खर्जाच्या भागात ५०० च्या घरात जातो. अशा हेडफोनला १२० ओहममधून वीज दिली, तर गणिताने खर्ज सुमारे १ डेसिबलने फुगतो, आणि तो ओळखू येतो. कमी रोधाच्या इअरफोनमध्ये तर सुरांचा तोलच बिघडू शकतो. आपल्या तिन्ही यंत्रांत हा आकडा १ ओहमच्या आत आहे. खरेदी करताना मी सर्वांत आधी हाच पाहतो.

बांधणीचे प्रकरण याहून गंभीर आहे. ॲटमची पेटी प्लॅस्टिकची, हेरेसीची धातूची. ओ-२ मध्ये विजेच्या तारेसकट सर्व जोडण्या पुढच्याच बाजूला, त्यामुळे टेबलावर सलाइनच्या नळ्यांसारखा गुंता होतो. हे सारे सोसण्याजोगे आहे. न सोसण्याजोगी गोष्ट २०२० मध्ये टॉपिंग कंपनीच्या ‘एल-३०’ने दाखवली. मोजमापांत ते यंत्र पहिल्या रांगेतले होते. पण सुरुवातीचे काही नग स्थिर विजेच्या ठिणगीने बिघडले आणि बिघडताना हेडफोनलाही घेऊन गेले. कंपनीने नंतर सुरुवातीचे नग बदलून दिले. हैदराबादच्या कोरड्या हवेत हिवाळ्यात किंवा मार्चनंतर मोटारीच्या दाराला हात लावताच बसणारा चटका आपल्याला ठाऊक आहेच. असा चटका यंत्राने निमूट सोसला पाहिजे, कारण त्याच्या पुढच्या टोकाला कान आहे.

आणखी एक स्थानिक बाब. ही सर्व यंत्रे एसी अडॅप्टरवर चालतात, डीसीवर नव्हे. अमेरिकेतल्या नातलगाने प्रेमाने आणलेला अडॅप्टर ११५ व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतो. कोठीच्या गुजराती गल्लीत योग्य ट्रान्सफॉर्मर मिळू शकतो, फक्त दुकानदाराला ‘आउटपुट एसीच हवे’ असे दोनदा बजावावे. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल, तर वीज गेल्यावर ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागतो. तो दोष ॲम्प्लिफायरच्या माथी मारू नये.

आता मूळ प्रश्न : मुळात हे यंत्र हवे का? ॲपलचा बोटभर यूएसबी-सी अडॅप्टर, युरोपसाठीचा नमुना वगळता, सुमारे १ व्होल्ट देतो. झेनहायझर एचडी ६५० हा हेडफोन, कंपनीच्याच आकड्यांनुसार, १ व्होल्टला १०३ डेसिबल आवाज करतो. रागसंगीताची सरासरी शिखरापेक्षा १५ ते २० डेसिबल खाली धरली, तरी ऐकू येणारी पातळी ८३ ते ८८ भरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८६ ला १० तासच. तेव्हा पुष्कळांचे काम त्या बोटभर अडॅप्टरवर भागते. कमी संवेदनशीलतेचे काही प्लेनर हेडफोन असतील, तरच शंभर डॉलरचे यंत्र घ्यावे. ते घेतल्यास दोन्ही ‘मॅग्नीं’च्या पंथांत न शिरता, रोध, बांधणी आणि दुरुस्तीची सोय पाहून घ्यावे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला धास्ती वाटते ती मात्र उरलेल्या शक्तीची. टेबलावरचा ॲम्प्लिफायर ५ व्होल्ट सहज देतो. १ व्होल्टला ११५ डेसिबल देणारा मुलांचा इअरफोन त्याला जोडला, तर गणित १२९ डेसिबलवर जाते. मुलांसाठी संघटनेची मर्यादा ४० तासांना ७५ डेसिबल आहे, आणि अंतःकर्णातील केशपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून घरात मुले असतील तर गेनचे बटण नेहमी ‘लो’वर ठेवावे, उठताना आवाजाची खुंटी शून्यावर आणावी, आणि हेडफोन यंत्रातून काढूनच कपाटात ठेवावा.