'काया' की 'काळ्या'?

एआय साधनाकडून मजकूर किंवा चित्र करून घेताना माणसाकडे उरणारे मुख्य काम म्हणजे निवड. एका सूचनेवर दहा नमुने समोर येतात. त्यातले नऊ का टाकायचे, हे ज्या जाणिवेने ठरते तिला रुची म्हणतात. ही जाण पुष्कळशी माहितीवर उभी असते. वऱ्हाडीत लिहायला बसले की ते लगेच ध्यानात येते.

अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांच्या गाजलेल्या संग्रहाचे नाव 'काया मातीत माती'. प्रमाण मराठीत काया म्हणजे देह. तो अर्थ मातीशेजारी असा काही शोभतो की परक्या वाचकाला शंकाही येत नाही. पण वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. म्हणजे ही कापसाची काळी जमीन. याच शब्दांनी सुरू होणारे वाघांचे पेरणीच्या तिफणीचे गीत 1981च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटात आले, तेव्हा 'काया'चे 'काळ्या' झाले. राज्यभरच्या श्रोत्याला ते चटकन कळते. देहाची सावली मात्र त्या शब्दावरून उठते. हा बदल माणसांनीच केला होता, तेव्हा सपाटीकरणाचा सगळा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.

यंत्राचा कल मात्र स्वभावतःच तिकडे असतो. भाषेचे मॉडेल शिकलेल्या मजकुराच्या आधारे पुढचा संभाव्य तुकडा ठरवते. लिखित मराठीचा मोठा भाग प्रमाण भाषेत. वऱ्हाडी मुख्यतः बोलण्यात. त्यामुळे वऱ्हाडी संवाद मागितला तर अनेकदा प्रमाण वाक्यावर 'मले', 'तुले', 'बाप्पा' शिंपडलेले मिळतात. 'का येत आहेस?' याचे 'काऊन येत आहेस?' होते. वऱ्हाडी माणूस 'काऊन येऊन राह्यला?' म्हणेल, कारण बोलीचा जीव क्रियापदातही असतो. शिवाय कोणी किती वऱ्हाडी बोलावे, हाही निर्णयच. अमरावतीत राहिलेल्या उद्धव शेळके यांच्या 'धग' (1960) या कादंबरीतल्या नायिकेचे, कौतिकचे, बोलणे वऱ्हाडी आहे, पण तिथे बोली हसवायला आणलेली नाही. तिच्या संसाराची ओढाताण त्याच भाषेत घडते. वऱ्हाडी म्हटली की विनोदच, अशी समजूत रंगमंचावर आणि मोबाइलवर पसरलेली आहे. साधनाने तीच उचलली तर नवल नाही.

गझलेत अडचण वेगळी. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी (1932–2003) 'गझलेची बाराखडी' लिहून वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारा शब्द) यांचे नियम नवख्यांपुढे ठेवले. यंत्र मजकूर अक्षरांऐवजी स्वतःच्या तुकड्यांत वाचते, म्हणून लघु-गुरूत चुकते. पण ती चूक बोटांवर मोजून पकडता येते. शेराचे तसे नाही. पहिल्या ओळीने एक अपेक्षा जागवायची आणि दुसरीने ती अवचित फिरवायची किंवा पुरी करायची, यात शेराची गंमत आहे. सर्वांत संभाव्य शब्दाकडे झुकणारे साधन नेमका श्रोत्याने आधीच ओळखलेला काफिया आणते. सगळे नियम पाळूनही शेर पडतो. तो पडला हे कळायला गझला ऐकून तयार झालेला कान लागतो.

चित्रात हीच जाण डोळ्याला हवी. पोळ्याच्या पत्रिकेसाठी चित्र मागवले, अशी कल्पना करावी: झूल पांघरलेली, शिंगे रंगवलेली बैलजोडी आणि मागे पांढऱ्याशुभ्र कापसाने फुललेले शेत. चित्र देखणे आहे, रंगांची जुळणीही चांगली. पण मोठा पोळा श्रावणी अमावस्येला येतो, आणि तेव्हा वऱ्हाडातली कोरडवाहू पऱ्हाटी हिरवीच असते. बोंडे फुटून वेचणी सुरू होते ती दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास.