नाव-गाव-फळ-फूल आणि इंग्रजी शब्दसंपत्ती : वर्गातील शब्दखेळांचा विचार (विशेष संदर्भ : भाटघर परिसर)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये जून २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यामुळे भोर तालुक्यातील भाटघरसारख्या गावातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी आज बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. तरीही चार वाक्ये बोलावयास सांगितली असता तो थांबतो, आणि थांबतो तो बहुधा व्याकरणापाशी नव्हे, तर शब्दापाशी. तो शब्द त्याने वाचलेला असतो, पाठही केलेला असतो. मात्र हव्या त्या क्षणी आठवत नाही. ओळखता येणारे शब्द आणि वापरता येणारे शब्द यांतील हे अंतर कमी करणे हे शब्दखेळांचे खरे प्रयोजन होय. तासिकेच्या अखेरची दहा मिनिटे भरून काढण्याचे साधन म्हणून त्यांच्याकडे पाहणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

परिचित खेळ, नवी भाषा :

यासाठी परदेशी खेळांचे महागडे संच आणण्याची आवश्यकता नाही. ‘नाव-गाव-फळ-फूल’ हा खेळ मराठी घरातील प्रत्येक मुलास ठाऊक असतो. त्यातील गुणदानाची पद्धत अध्यापनदृष्ट्या विशेष मोलाची आहे. इतरांशी जुळलेल्या उत्तरास ५ गुण, कोणीच न लिहिलेल्या उत्तरास १० गुण. ‘जी’ अक्षर आले की बहुतेक जण ‘ग्रेप्स’ लिहून मोकळे होतात. ‘ग्वावा’ आठवणारा पुढे जातो. म्हणजे सोप्या शब्दावर न थांबता स्मरणात खोलवर शोध घेण्याची प्रेरणा नियमातच दडलेली आहे. केवळ पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्याच्या प्रयत्नाने शब्द अधिक पक्का होतो, हे स्मरणविषयक संशोधनाने दाखवून दिलेलेच आहे.

मात्र या खेळात एक उणीव आहे. त्यातील सर्व रकाने नामांचे आहेत. विद्यार्थ्यांची खरी अडचण क्रियापदांची असते. म्हणून ‘गाव’ हा रकाना काढून तेथे ‘क्रिया’ हा रकाना घालावा. (‘गाव’ ठेवल्यास ‘बी’ अक्षराखाली भोर, भाटघर आणि बारामती एकत्र येतात, ‘ब’ आणि ‘भ’ यांचा भेद रोमन लिपीत कसा दर्शवितात, एवढे दाखविण्यापुरता तो एखादे वेळी उपयोगी पडतो.)

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. टिंकहॅम यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, एकाच गटातील नवे शब्द, उदाहरणार्थ केवळ फळांची नावे, एकाच वेळी शिकविल्यास ती परस्परांत मिसळतात आणि शिकण्यास अधिक वेळ लागतो. वॉरिंग यांच्या १९९७ मधील अभ्यासानेही यास दुजोरा दिला. आपली पाठ्यपुस्तके बहुधा नेमके हेच करतात. तात्पर्य, गटवार रकान्यांचा खेळ हा परिचित शब्दांच्या उजळणीसाठी योग्य. नव्या शब्दांची पहिली ओळख करून देण्यासाठी नव्हे.

भेंड्या : अक्षराच्या की ध्वनीच्या?

भेंड्यांचा खेळ इंग्रजीत जसाच्या तसा आणला तर लवकरच रुततो. इंग्रजीत ‘ई’ अक्षराने संपणारे शब्द विपुल आहेत, तर ‘वाय’ने संपणारे पुष्कळ आणि सुरू होणारे थोडे. मराठीत ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्यावयाचा, अशी तडजोड आपण करतो. इंग्रजीत मात्र तडजोडीऐवजी नियमच बदलणे श्रेयस्कर. साखळी अक्षराने नव्हे, तर शेवटच्या ध्वनीने पुढे न्यावी. ‘नाइफ’ नंतर ‘फोन’, ‘फोन’ नंतर ‘नी’, म्हणजे गुडघा. ‘नाइफ’ आणि ‘नी’ यांच्या आरंभीचा ‘के’ मुका असतो आणि ‘फोन’मधील ‘फ’ ‘पी-एच’ने लिहितात, हे शब्द फळ्यावर लिहिताच विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते. देवनागरीत उच्चार आणि लेखन यांचे साहचर्य निकटचे असल्याने इंग्रजीतील ही फारकत आपल्या विद्यार्थ्यांस अधिक छळते. त्यामुळे या एका खेळास अन्य खेळांपेक्षा अधिक वेळ देणे योग्य ठरेल.

धरणाच्या काठचे शब्द :

वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर नीरा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे व उजवा कालवा फलटण-माळशिरसकडे शेती भिजवितो. या परिसरातील विद्यार्थ्यास ‘आवर्तन’, ‘सांडवा’, ‘गाळ’, ‘पाटकरी’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. असे शब्द चिठ्ठ्यांवर लिहावेत. चिठ्ठी उचलणाऱ्याने मूळ शब्द किंवा त्याचा इंग्रजी प्रतिशब्द न उच्चारता त्याचे इंग्रजीत वर्णन करावे व गटाने तो ओळखावा. येथे आशय विद्यार्थ्याच्या मालकीचा असतो, कमतरता केवळ भाषेची असते. कांबरे येथील कांबरेश्वराचे मंदिर वर्षातील बहुतांश काळ जलाशयात बुडालेले असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वर येते. बुडणे, ओसरणे, झिरपणे, साचणे, उघडे पडणे, एवढी क्रियापदे त्या एका वर्णनास लागतात.

याच अनुषंगाने मराठीत रुळलेले इंग्रजी शब्दही तपासून घ्यावेत. आपण वीज गेली की ‘लाईट गेली’ म्हणतो, विजेरीस ‘बॅटरी’, सज्जास ‘गॅलरी’ आणि चहाच्या टपरीसही ‘हॉटेल’ म्हणतो. ‘मराठीतील अर्थ व इंग्रजीतील अर्थ’ अशा जोड्या जुळविण्याच्या खेळात हसे पुष्कळ होते, आणि चुकाही लक्षात राहतात.

बाद कोणास करावे?

शब्दखेळांत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा प्रश्न बाद होण्याचा आहे. चुकणाऱ्याने खाली बसावे, असा नियम असल्यास सर्वांत दुबळा विद्यार्थी प्रथम बसतो, व ज्यास सरावाची सर्वाधिक गरज त्यालाच सर्वांत कमी सराव मिळतो. ऐंशी विद्यार्थ्यांच्या, जखडलेल्या बाकांच्या वर्गात तर चार-पाच हुशार मुलांचा सामना उरतो व उर्वरित वर्ग प्रेक्षक होतो. म्हणून बाद करण्याची पद्धत वर्ज्य करावी. बाकांची प्रत्येक रांग हा एक गट मानावा, गटाने कुजबुजून उत्तर ठरवावे, आणि ते सांगण्याची पाळी रांगेत क्रमाने फिरावी. खेळातील शब्द फळ्याच्या कोपऱ्यात उतरवून ठेवावेत आणि आठ दिवसांनी, खेळाविना, त्यांतील दहा शब्द वाक्यात वापरावयास द्यावेत. जे शब्द बहुतेकांच्या वाक्यात आले नाहीत, ते पुढील आठवड्याच्या चिठ्ठ्यांत पुन्हा घालावेत.