प्रतिपाद्य आणि परिच्छेद

विद्यापीठीय निबंधाचा विषय आणि त्याचे प्रतिपाद्य या दोन भिन्न गोष्टी होत. ‘भारतातील जातिसंस्था’ हा विषय झाला. त्यात कोणी काही म्हटलेलेच नाही, म्हणून त्याच्याशी सहमत होता येत नाही आणि मतभेदही व्यक्त करता येत नाही. ‘जातिसंस्था हा भारतीय समाजाचा एक महत्त्वाचा घटक आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण असले, तरी त्याची स्थिती फारशी निराळी नाही. कारण ते नाकारणारा कोणी सापडणार नाही. परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत आणि, खेदाने म्हणावे लागते, पुष्कळशा प्रबंधांतही अशाच एखाद्या निर्धोक वाक्याने प्रारंभ होतो. पुढे माहिती येते, अवतरणे येतात, पाने भरतात. परंतु लेखकाला नेमके काय सिद्ध करावयाचे होते, हे शेवटपर्यंत कळत नाही.

प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने या प्रश्नाचा विचार केला होता. जी गोष्ट मुळीच ज्ञात नाही तिच्याविषयी किंवा जिचा निर्णय होऊन चुकला आहे तिच्याविषयी अनुमानाची खटपट संभवत नाही. जिच्याविषयी संशय आहे तिथेच ती संभवते, असे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यात सांगितले आहे. न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव मानतात : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा, ‘कारण तेथे धूर आहे’ हा हेतू, ‘जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर’ हे उदाहरण. उपनय म्हणजे ते उदाहरण प्रस्तुत पर्वताला लागू करून दाखविणे, आणि निगमन म्हणजे सिद्ध झालेली प्रतिज्ञा पुन्हा सांगणे. निबंधाचे प्रतिपाद्य ही अशीच प्रतिज्ञा होय. या शब्दाचा व्यवहारातील अर्थही येथे अप्रस्तुत ठरत नाही, कारण लेखक वाचकाला काहीतरी सिद्ध करून दाखविण्याचे वचन देत असतो.

असे वचन कसे तयार होते आणि कसे पाळले जाते, हे एका प्रत्यक्ष निबंधावरून पाहणे सोयीचे होईल. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर एक निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय नुकतेच २५ वर्षांचे झाले होते. पुढील वर्षी मे महिन्यात तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

विषय अफाट होता. त्यावर सेनार, नेसफील्ड, रिस्ले अशा नामांकित विद्वानांनी लिहिलेले होते. पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ग्रंथही १९०९ मध्ये निघाला होता. सामान्य विद्यार्थ्याने या चौघांच्या व्याख्या एकाखाली एक उतरवून काढल्या असत्या. आंबेडकरांनी प्रत्येक व्याख्येची छाननी केली. सेनारने विटाळाच्या कल्पनेला महत्त्व दिले होते. ती कल्पना पुरोहितवर्गाच्या वैशिष्ट्यातून आलेली आहे, जातीचा तो प्राण नव्हे, असे त्यांनी दाखविले. इतर जातीयांबरोबर भोजन न करणे हे नेसफील्डने लक्षण मानले होते. त्यात कार्यालाच कारण समजण्याची चूक झाली आहे, असे त्यांचे म्हणणे. केतकरांची व्याख्या त्यांना अधिक मोलाची वाटली. केतकरांनी दोन लक्षणे सांगितली होती : जातीचे सदस्यत्व तिच्यात जन्मलेल्यांपुरते मर्यादित असते, आणि जातीबाहेर विवाह निषिद्ध असतो. आंबेडकरांच्या मते ही दोन लक्षणे म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह होऊ दिला नाही, की सदस्यत्व आपोआपच जन्मापुरते मर्यादित होते.

अशा रीतीने पुष्कळ लक्षणांतून एकच उरले : अंतर्विवाह, म्हणजे स्वतःच्याच गटात विवाह करण्याचे बंधन. परंतु भारतीय समाजात मूळचा व अधिक कडक नियम बहिर्विवाहाचा आहे. सगोत्र आणि सपिंड विवाह निषिद्ध मानले जातात. म्हणून बहिर्विवाहावर अंतर्विवाहाचे आरोपण म्हणजेच जातीची निर्मिती, असे प्रतिपाद्य आंबेडकरांनी मांडले. ते थोडक्या शब्दांत मावते, ते नाकारता येते आणि त्याने लेखकावर कर्ज चढते. बहिर्विवाहाकडे कल असलेल्या समाजात एखादा गट स्वतःला बंद करून घेतो तो कसा? सर्वांत प्रथम कोणी बंद करून घेतले? इतरांनी त्याचे अनुकरण का केले? हे प्रश्न वाचकाच्या मनात प्रतिपाद्यानेच उत्पन्न केले आहेत, आणि निबंधाचे पुढील भाग त्यांनीच वाटून घेतले आहेत. परिच्छेदांचा क्रम कसा लावावा या विवंचनेत असलेल्या लेखकाने आपले प्रतिपाद्य पुन्हा वाचून पाहावे. त्यातून प्रश्न निघत नसतील, तर दोष क्रमाचा नसून प्रतिपाद्याचा असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हा या निबंधाचा सर्वांत समर्थ भाग आहे. बंद गटात विवाहयोग्य स्त्रिया व पुरुष यांची संख्या साधारणतः समान राहिली पाहिजे. परंतु पती आणि पत्नी एकाच वेळी मरत नाहीत. पती वारला तर एक स्त्री ‘अधिक’ उरते. ती गटाबाहेर विवाह करील किंवा गटातील कुमारिकांच्या वाट्याचा वर घेईल. तिला पतीच्या चितेवर जाळणे हा एक उपाय, सक्तीचे वैधव्य हा दुसरा. पत्नी वारल्यास ‘अधिक’ उरलेल्या पुरुषाला मात्र जाळता येत नाही. त्याचे वर्चस्व असते आणि गटाला तो हवा असतो. ब्रह्मचर्य त्याला पेलत नाही. तेव्हा अद्याप विवाहयोग्य न झालेल्या मुलींमधून त्याच्यासाठी वधू आणली जाते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी अशा रीतीने एकाच गणितातून निघतात. या रूढींचे गुणगान करणारे तत्त्वज्ञान पुष्कळ आहे, हा पूर्वपक्षही निबंधात येतो. त्यांचा गौरव का झाला हे त्या तत्त्वज्ञानाने कळेल, त्या का निर्माण झाल्या हे कळणार नाही, असे त्यावर उत्तर आहे. हे सर्व लिहिणारा विद्यार्थी अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेला होता. संतापाला येथे पूर्ण वाव असूनही त्याने हिशेबाची भाषा सोडली नाही, आणि त्यामुळे या भागाची धार वाढली आहे.

परिच्छेदात हेतू आणि उदाहरण बहुतेक लेखक देतात. राहून जातो तो उपनय. आकडा किंवा अवतरण दिले की काम झाले, अशी समजूत असते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळासंबंधी अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दिलेले आकडे याचे चांगले उदाहरण आहे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षीचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्के कमी होता. एवढेच लिहून थांबणाऱ्या लेखकाचा आकडा टंचाईच्या बाजूनेही वापरता येईल. परंतु तो पुरवठा १९४१ पेक्षा १३ टक्के अधिक होता आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता, ही जोड दिली. आणि त्यावरून केवळ धान्याच्या कमतरतेने या उपासमारीचा उलगडा होत नाही, माणसांची धान्य मिळविण्याची क्षमता कशी नष्ट झाली हे पाहिले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले, म्हणजे आकडा प्रतिपाद्याच्या कामी येतो. या आकड्यांवर पुढे वाद झाले, हेही खरे. पुरावा कशासाठी दिला आहे हे उघड असल्यामुळेच तो वाद नेमका होऊ शकला.

आंबेडकरांच्या निबंधाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका भक्कम नाही. प्रथम ब्राह्मणवर्गाने स्वतःला बंद करून घेतले आणि इतर वर्गांनी त्याचे अनुकरण केले, काहींवर बहिष्काराने दारे बंद झाली, हे तेथे सांगितले आहे. अनुकरणाचा सिद्धांत फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द याच्याकडून घेतलेला आहे, आणि उसन्या सिद्धांताला स्थानिक पुरावा द्यावा लागतो. तो एका निरीक्षणातून येतो : ब्राह्मणांच्या सर्वांत निकटच्या जातींत तिन्ही रूढी आढळतात, त्यापलीकडे सक्तीचे वैधव्य व बालविवाह, आणखी पलीकडे केवळ बालविवाह, आणि सर्वांत दूरच्या जातींत जातितत्त्वावरील विश्वास तेवढा. ही उतरती श्रेणी मार्मिक आहे. मात्र तिच्या प्रत्येक पायरीसाठी एखाद्या जातीचे नाव आणि प्रदेश दिला असता, तर ती तपासून पाहता आली असती. निबंधाच्या अखेरीस लेखकाने आपला सिद्धांत असमर्थनीय ठरल्यास तो सोडून देण्याची तयारी दर्शविली आहे.

प्रतिपाद्य पहिल्याच परिच्छेदाच्या शेवटी यावे, असा नियम पाठ्यपुस्तके देतात. चार पानांच्या निबंधाला तो ठीक आहे. आंबेडकरांच्या निबंधात प्रतिपाद्य येते ते व्याख्यांच्या छाननीनंतर. केतकरांची दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत हे पटल्यावाचून ते वाचकाला समजलेच नसते.