कॉलेजचें पहिलें वर्ष आणि वसतिगृहाची निवड

बारावीचा निकाल लागला कीं घरोघर एकच खल सुरू होतो. टक्के किती, शाखा कोणती, कॉलेज कोणतें, फी किती. आजोबांपासून धाकट्या चुलत्यापर्यंत प्रत्येकाचें त्यांत कांहीं ना कांहीं मत असतें, आणि तें असावेंही. परंतु मुलगा किंवा मुलगी परगांवीं राहणार कोठें, हा प्रश्न मात्र बहुधा सर्वांत शेवटीं, सामानाची बांधाबांध चालू असतांना, पाव तासांत उरकला जातो. वास्तविक दिवसाच्या चोवीस तासांपैकीं व्याख्यानें व प्रयोगशाळा मिळून फार तर सहा-सात तास जातात. उरलेले सतरा-अठरा तास मूल जेथें जेवतें, झोंपतें, वाचतें, आजारी पडतें आणि मैत्री जोडतें, त्या जागेचा विचार कॉलेजच्या विचाराइतक्याच काळजीनें व्हावयास हवा. तो कसा करावा, यासंबंधीं कांहीं गोष्टी वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

आपल्या पूर्वजांना या गोष्टीचें महत्त्व पुरतें ठाऊक होतें. संस्कृतांत शिष्याला ‘अंतेवासी’ असें नांव आहे. अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा. शिकणें आणि राहणें हीं दोन वेगळीं प्रकरणें आहेत, ही कल्पनाच त्या शब्दाला मान्य नाहीं. पतंजलीच्या महाभाष्यांत तर गुरुकुल भलत्या कारणासाठीं निवडणाऱ्यांची चांगलीच थट्टा आढळते. केवळ भात मिळतो म्हणून पाणिनीच्या परंपरेंत शिरणारे ते ‘ओदनपाणिनीय’, तुपाच्या आशेनें रौढीच्या शिष्यांत नांव घालणारे ते ‘घृतरौढीय’, आणि कांबळ्यासाठीं चारायणाकडे जाणारे ते ‘कंबलचारायणीय’. जो एकाही गुरुगृहीं टिकत नाहीं, त्याला तीर्थावरच्या कावळ्याची उपमा देऊन ‘तीर्थकाक’ म्हटलें आहे. दोन हजार वर्षांनंतर कांबळ्याच्या जागीं वातानुकूलित खोली आणि तुपाच्या जागीं वायफाय आलें आहे, इतकाच फरक. रंगीत माहितीपुस्तिका पाहून वसतिगृह ठरविणाऱ्यांनीं या तीन शब्दांची एकदां आठवण करावी.

अलीकडच्या काळांतही महाराष्ट्रांत वसतिगृहांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. पुण्यास शिकावयास येणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलांना एके काळीं माधुकरी मागून किंवा वार लावून जेवावें लागे. सात दिवसांचीं सात घरें मिळालीं कीं विद्यार्थी स्वतःला भाग्यवान समजे. अशा मुलांना हक्काचें घर असावें, या तळमळीनें १९०९ सालीं पुण्यांत अनाथ विद्यार्थी गृह निघालें. मुलींसाठीं महर्षि कर्व्यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडलें, आणि पुढें जैन, लिंगायत, मुसलमान, दलित अशा अनेक समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं त्या शहरांत वसतिगृहें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास जें बोर्डिंग सुरू केलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतःचीं कामें स्वतः करीत. १९५५ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीनेंही खेड्यांतून आलेल्या गरजू मुलांसाठीं स्वावलंबनाचाच मार्ग धरला. या सर्व संस्थांच्या चालकांनीं केवळ छप्पर दिलें नाहीं. राहण्याची एक रीत दिली. निवड करतांना आपणही छपराबरोबर रीत कोणती मिळणार, हें पाहिलें पाहिजे.

आतां व्यवहाराकडे वळूं. परगांवीं मुलास ठेवण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत: नातेवाइकांचें घर, खासगी खोली आणि वसतिगृह.

“पुण्याला काका आहेत, मग वसतिगृहाचा खर्च कशाला?” हें वाक्य आपल्या एकत्र कुटुंबांत सहज निघतें. त्यामागील आपलेपणा मोलाचा आहे. आजारपणांत घरचें माणूस उशाशीं असणें, सणावारीं पान मांडलेलें असणें, यांना पैशांत किंमत नाहीं. पण दुसरी बाजूही पाहावी. हल्लींचीं शहरांतील घरें दोन-तीन खोल्यांचीं असतात. त्या घरांतील गृहिणी बहुधा स्वतः नोकरीस जाते. तिच्या दिवसावर आणखी एका माणसाचा डबा, कपडे आणि काळजी आपण तीन-चार वर्षें लादत असतों, आणि नात्याच्या भिडेनें ती नाहीं म्हणूं शकत नाहीं. मुलाचीही कुचंबणा होते. रात्रीं दिवा किती वेळ ठेवावा, मित्राला घरीं आणावें कीं नाहीं, हें त्याला विचारतां येत नाहीं. म्हणून नातेवाइकांकडे ठेवावयाचें असेल तर खर्चाचा वाटा, अभ्यासाची जागा व मुदत हीं तिन्ही आधींच मोकळेपणानें बोलून ठरवावींत, आणि हें बोलणें त्या घरच्या पुरुषांशीं न करतां प्रथम गृहिणीशीं करावें.

दुसरा मार्ग ‘कॉट बेसिस’चा. पेठांतून आणि उपनगरांतून अशा खोल्या पुष्कळ मिळतात. स्वातंत्र्य भरपूर, पण पहिल्या वर्षाच्या, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तेंच जड जातें. त्याचा ताप चढला तर विचारणारें कोणी नाहीं. चार दिवस तो कॉलेजला गेला नाहीं तर कोणाच्या लक्षांत येणार नाहीं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षीं, मित्रमंडळी जुळल्यावर, हा मार्ग ठीक. प्रारंभास नव्हे, असें माझें स्पष्ट मत आहे.

उरलें वसतिगृह. शाळेंतून बाहेर पडलेले माझे विद्यार्थी पहिल्या दिवाळीच्या सुटींत भेटावयास येत, तेव्हां अभ्यास कठीण गेल्याची तक्रार मीं क्वचितच ऐकली. “जेवण जात नाहीं”, “खोलींत झोंप लागत नाहीं”, “बोलायला कोणी नाहीं” हेच त्यांचे शब्द असत. या तीन तक्रारींतच वसतिगृहाच्या परीक्षेचे तीन प्रश्न आहेत: खाणें कसें, विश्रांति कशी, आणि माणसें कशीं.

पाहणीस जावयाचें तर सकाळीं कचेरीच्या वेळीं जाऊं नये. संध्याकाळीं सातच्या पुढें जावें. मेसमध्यें पैसे देऊन एक वेळ जेवावें. नळाला पाणी केव्हां येतें, शौचालयें किती मुलांमागें किती आहेत, वाचनाची खोली रात्रीं किती वाजेपर्यंत उघडी असते, हें स्वतः पाहावें. माहिती व्यवस्थापकांपेक्षां दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावी. रेक्टर आवारांतच राहतात काय, रात्रीं मूल आजारी पडल्यास कोणत्या दवाखान्यांत नेतात, हें विचारण्यास संकोच करूं नये. अनामत रक्कम, ती परत मिळण्याच्या अटी आणि मध्येंच खोली सोडल्यास फीचें काय, हें लेखी घ्यावें.

मुलींच्या वसतिगृहाचें दार किती वाजतां बंद होतें, एवढेंच विचारून पालक समाधान पावतात. त्याबरोबर ग्रंथालय व प्रयोगशाळा किती वाजतां बंद होते, तेंही विचारावें. ग्रंथालय दहापर्यंत उघडें आणि दार साडेसातला बंद, अशी व्यवस्था असेल तर मुलीच्या अभ्यासाचे अडीच तास रोज आपण सुरक्षिततेच्या नांवावर वजा करतों. दिवाबत्ती असलेला रस्ता आणि जागा रखवालदार हीं बंद दारापेक्षां अधिक उपयोगाचीं आहेत.

सर्वांत गंभीर प्रश्न छळाचा, ज्याला रॅगिंग म्हणतात. त्यास थट्टामस्करी समजून हंसण्यावारीं नेण्याचे दिवस गेले. महाराष्ट्रानें त्याविरुद्ध १९९९ सालींच कायदा केला. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि कॉलेजांतून काढल्यावर पांच वर्षें अन्यत्र प्रवेश बंद, अशी त्यांत तरतूद आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखानें चौकशी करावयाची असते. पुढें २००९ सालीं हिमाचल प्रदेशांतील एका वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या मारहाणीनंतर मृत्यु झाला आणि सारा देश हादरला. त्याच वर्षीं विद्यापीठ अनुदान आयोगानें देशभरासाठीं नियम केले. नव्या विद्यार्थ्यांस शक्य तोंवर स्वतंत्र इमारतींत ठेवावें, त्यांचे लहान गट पाडून प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे सोंपवावा, पहिले तीन महिने दर पंधरवड्यास त्यांची विचारपूस करावी, असें ते नियम सांगतात. तेव्हां पालकांनीं पुढील प्रश्न निःसंकोच विचारावा: “आमच्या मुलाचा गट कोणत्या प्राध्यापकांकडे आहे?” नांव चटकन् सांगितलें गेलें तर नियम जिवंत आहे, उत्तर चांचरलें तर तो कागदावर आहे. १८००-१८०-५५२२ हा तक्रारीचा दूरध्वनि क्रमांक मुलाजवळ असावा.

नव्यांना वेगळें ठेवण्यांत एक तोटाही आहे. चांगल्या वरिष्ठांचा सहवास त्यांना मिळत नाहीं. हल्लीं आपलीं मुलें अमेरिकेस पदवीसाठीं जातात, त्यांनाही हाच विचार करावा लागतो. हार्वर्डमध्यें पहिल्या वर्षाचे विद्यार्थी जुन्या आवाराच्या परिसरांत एकत्र राहतात व दुसऱ्या वर्षीं निरनिराळ्या ‘हाउस’मध्यें जातात. येलमध्यें १९३३ पासून निवासी महाविद्यालयांची पद्धत आहे. विद्यार्थी आरंभींच त्यांपैकीं एकाशीं जोडला जातो आणि पदवीपर्यंत तें नातें टिकतें. एका पद्धतींत बरोबरीच्यांचा जिव्हाळा अधिक, दुसरींत वडीलधाऱ्यांचा आधार अधिक. बुजऱ्या मुलाला कोणती मानवेल आणि धीट मुलाला कोणती, हें आईबापच जाणोत. आपल्याकडे स्वतंत्र इमारत असेल, तर वरिष्ठांची ओळख होण्यास नाट्यमंडळ, क्रीडांगण किंवा ग्रंथालय अशी उघड्यावरची एखादी जागा आहे काय, एवढें पाहावें.

राहतां राहिला खोलींतील सोबत्यांचा प्रश्न. “सोबती आपल्यांतलेच मिळतील ना?” असें कचेरींत हळूच विचारणारे पालक अजूनही आहेत. माझी त्यांना विनंति कीं हा प्रश्न विचारूं नये. मुलगा धूम्रपान करणारा नसावा, रात्रभर दिवा जाळणारा नसावा, अशी अपेक्षा रास्त आहे. परंतु आडनांवावरून या गोष्टी कळत नाहींत. घरीं शाकाहार असेल तर मुलानें तो खुशाल पाळावा, आणि शेजारच्या ताटाकडे नाक न मुरडतां पाळावा. साताऱ्याच्या बोर्डिंगांत शंभर वर्षांपूर्वीं जी पंगत बसली, तिला आज आपल्याच घरांतून हरकत निघावी, हें शिकलेल्यांस शोभत नाहीं. निराळ्या भाषेचा, निराळ्या परिस्थितींतला सोबती मिळणें हा पहिल्या वर्षाचा मोठा लाभ आहे, आणि त्याची फी लागत नाहीं.

मूल पोंचवून आल्यावर काय करावें? दिवसांतून पांच वेळां फोन करूं नये. वेळ ठरवून आठवड्यांतून दोन-तीनदां बोलावें आणि गुणांची चौकशी सोडून जेवणाची व मित्रांची करावी. पहिल्या महिन्यांत घरची आठवण येऊन मूल रडलें, तर लगेच सामान उचलून आणूं नये. दिवाळीपर्यंत धीर धरावा. खोली, वसतिगृह, कॉलेज एकामागून एक बदलीत राहणें म्हणजे मुलाला तीर्थकाक करणें होय. मात्र छळाचा, मारहाणीचा किंवा जीव नकोसा झाल्याचा एक शब्दही कानीं आला, तर दिवाळीची वाट पाहूं नये. त्याच दिवशीं गाडी पकडावी, मुलाजवळ बसावें, आणि तें काय सांगतें तें पुरतें ऐकून घ्यावें. त्या वेळीं फी बुडेल, वर्ष वायां जाईल, लोक काय म्हणतील, हे हिशेब बाजूला ठेवावेत. वर्ष पुन्हां मिळतें. मूल मिळत नाहीं.