वाटी तीच, वेळा चार

अकोल्यात जठारपेठेत काय किंवा डाबकी रोडला काय, घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की त्याच्या खाण्याच्या वेळा बहुधा घरच्यांच्या जेवणावरून ठरतात. सकाळचा स्वयंपाक झाला की दुधात कुस्करलेली भाकर, रात्री उरलेलं वरण-पोळी, आणि मधे पोरांच्या हातचं बिस्कीट. यात माया भरपूर असते, हिशेब मात्र कोणी करत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागतं, तीन महिन्यांनंतर तीन वेळा, आणि सहा महिन्यांनंतर साधारण दोन वेळा पुरतं. पण या वेळा वाढवायच्या त्या दिवसभराचं एकच माप वाटून देण्यासाठी, जास्त भरवण्यासाठी नव्हे.

पाच किलोचं, तीन महिन्यांचं पिल्लू घ्या. त्याला दिवसाला अंदाजे 700 किलोकॅलरी लागतात. तेवढ्याच वजनाच्या मोठ्या कुत्र्याचं चारशेच्या आत भागतं, म्हणजे पिल्लाची गरज जवळपास दुप्पट. ज्वारीच्या मध्यम भाकरीत 200 च्या आसपास किलोकॅलरी धरल्या तर हे साडेतीन भाकरींइतकं झालं. भिजवून कुस्करल्यावर त्याचा केवढा गोळा होतो ते परातीत करून बघावं आणि मग पिल्लाच्या पोटाकडे बघावं. दोन बैठकांत एवढं रिचवायचं तर पोट ढोलकीसारखं तट्ट फुगतं, आणि मग उलटी किंवा पातळ शी. दुसरीकडे, फार वेळ उपाशी ठेवणंही धोक्याचं. लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीचं पिल्लू बराच वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरते, ते सुस्त पडतं, झोकांड्या खातं, कधी झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना साखरेचं पाणी चोळून तडक पशुवैद्यकाकडे न्यावं लागतं. पोट लहान, गरज मोठी आणि साठा थोडा, म्हणून चार वेळा.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की गल्लीतल्या कुत्रीच्या पिल्लांना कोण चार वेळा घालतं? तीही जगतातच की. जगतात ती आपल्याला दिसतात, एवढंच. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी 95 वेतांतली 364 मोकाट पिल्लं पाहिली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वयात येईपर्यंत तगली ती फक्त 19 टक्के. सगळी भुकेनं गेली असं नाही. बहुतेक मृत्यूंना माणूसच या ना त्या प्रकारे कारण होता. पण पाचांतलं एक उरणाऱ्या जगण्यावरून घरातल्या पिल्लाचा आहार ठरवणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चार वेळा दिलं तर पिल्लू लठ्ठ होणार नाही का? माप न ठरवता दिलं तर नक्की होईल. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असं मोठ्या हाडाचं पिल्लू आणलं की ‘खाऊ दे, अंग धरू दे’ म्हणतात, आणि नेमकं तिथेच चुकतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेला प्रयोग 1974 साली प्रसिद्ध झाला. हवं तेवढं खाऊ दिलेल्या पिल्लांची हाडं आणि सांधे बिघडले. पुढे 48 लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं गेलं. 2002 साली आलेला निष्कर्ष असा, की कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं आणि भरपूर खाणाऱ्यांचं 11.2. म्हणून पिल्लाला उपाशी मारायचं नाही. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या हातानं चाचपल्यावर लागाव्यात. मोठ्या जातीच्या पिल्लाला मनानं कॅल्शियमची बाटली सुरू करणारे तर त्याचं नुकसानच करतात, कारण कोवळ्या वयात त्याच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही.

वाटीत काय आहे यावरही वेळांचा उपयोग ठरतो. भाकर कुत्र्याला पचते. माणसाच्या सोबतीनं हजारो वर्षं राहून त्याच्या अंगी पिठूळ अन्न पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा जास्त आली आहे. पण वाढीच्या वयात कोरड्या अन्नाच्या साधारण 22 टक्के प्रथिनं लागतात आणि ज्वारीत ती दहाच्या आसपास असतात. गाईचं दूध ती तूट भरत नाही, उलट त्यातल्या साखरेनं अनेक पिल्लांना ढाळ लागते. उकडलेलं अंडं, कोंबडीचं शिजवलेलं बिनहाडाचं मांस, किंवा पिल्लांसाठीचंच तयार खाद्य हवं. कांदा-लसणाची फोडणी दिलेलं वरण अजिबात नको, कांदा त्याला विषारी आहे.

नोकरीच्या घरात चार वेळा कोण देणार, ही अडचण खरी आहे. त्यावर भरलेली वाटी दिवसभर समोर ठेवणं हा उपाय नव्हे. अकोल्याचा मे महिना 45 अंशांवर जातो. त्या उकाड्यात भिजवलेलं अन्न तासा-दोन तासांत आंबतं, त्यावर मुंग्या चढतात, आणि पिल्लाची भूक मेली आहे हे आजाराचं पहिलं लक्षण कोणाच्या ध्यानातही येत नाही. सकाळी सहा, निघताना दहा, परतल्यावर साडेपाच आणि रात्री साडेनऊ हे बहुतेक घरांत बसतं. दुपारी शेजारच्या काकूंनी एकदा घातलं तर फारच बरं. वीस मिनिटांत उरलेलं उचलायचं, पाणी मात्र कायम सावलीत भरलेलं. ठरल्या वेळी खाणारं पिल्लू शीलाही ठरल्या वेळी जातं, त्यामुळे फरशी पुसण्याचे कष्टही वाचतात.

माप मात्र दर पंधरवड्याला बदलतं, कारण पिल्लू बदलतं. आपल्या अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तिथे किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे लसीला न्याल तेव्हा पिल्लाचं वजन करून घ्या, आणि दिवसाचं माप कागदावर लिहून आणा.