लहान पेटीचा डव्हटेल सांधा : हातकामाचे खरे भांडवल

सुतारकाम हा आपल्या समाजातील कित्येक घराण्यांचा पिढीजात धंदा आहे. हजरत जकरिया (अलै.) हे सुतार होते, असे सहीह मुस्लिममधील हदीसवरून कळते. म्हणजे हा धंदा कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही. परंतु प्लायवूड आणि तयार फर्निचर यांमुळे रंधा व पटाशी चालवणाऱ्या हातांना काम कमी मिळू लागले आहे. अशा वेळी कारागिराने यंत्राशी स्वस्ताईची स्पर्धा करू नये. यंत्राला जे नीट जमत नाही ते काम हाती घ्यावे, असे आम्हाला वाटते. लहान पेट्यांचा बारीक डव्हटेल सांधा हे त्यापैकीच एक काम आहे.

डव्हटेल म्हणजे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचा सांधा. एका फळीच्या टोकाला शेपट्या कापतात, दुसरीच्या टोकाला त्यात बसणारे दात. शेपटी टोकाला रुंद व मुळाशी अरुंद असल्यामुळे ती फळी ओढली तरी निघत नाही. फळीच्या टोकाकडचे तुटलेले तंतू सरस शोषून घेतात, म्हणून नुसता टोकाला चिकटवलेला कोपरा लवकर सुटतो. डव्हटेलमध्ये सरसाला चिकटायला लांब तंतूंच्या बाजू मिळतात आणि आकाराची पकड वेगळी. खिळा तर लागतच नाही.

राउटर यंत्रावरही डव्हटेल निघतो. परंतु त्याच्या पात्याची मान मावेल एवढी फट यंत्राला सोडावीच लागते. त्यामुळे दोन शेपट्यांमधले अगदी अरुंद दात हातानेच निघतात, आणि जाणकार गिऱ्हाईक नेमके तेच पाहतो.

हत्यारे व लाकूड

पितळी किंवा लोखंडी पाठीची, बारीक दातांची लहान करवत घ्यावी. दात जास्त मुरडलेली करवत लाकूड जास्त खाते आणि या कामात ते परवडत नाही. त्याशिवाय तारेसारख्या पात्याची फ्रेट करवत, गुण्या, मार्किंग गेज आणि ३ व ६ मि.मी.च्या पटाश्या हव्यात. दीड मि.मी.ची पटाशी बाजारात सहजी मिळत नाही; जुनी बारीक कानस घासून ती घरीच करता येते. तुटलेल्या हॅकसॉ पात्याला धार लावली की आखणीची सुरी तयार होते. पेन्सिल येथे चालत नाही. पेन्सिलीची रेघ अर्धा मि.मी. जाड असते आणि तेवढ्या चुकीने हा सांधा ढिला होतो.

लाकूड पूर्ण वाळलेले व बारीक पोताचे असावे. हळदू चांगले, शिसव उत्तम पण कठीण. सागाने पटाशीची धार लवकर जाते आणि त्यात तेल असते, म्हणून साग ताजा रंधून लगेच चिकटवावा. शिसवाच्या वस्तू परदेशी पाठवण्यावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत. बाहेरची ऑर्डर घेण्यापूर्वी निर्यात करणाऱ्याकडून कागदपत्रांची खात्री करून घ्यावी.

आखणी

समजा १५० मि.मी. लांब, १०० रुंद आणि ५० उंच पेटी करायची आहे. फळी ६ मि.मी. जाड घ्यावी. चारही फळ्यांची टोके गुण्यात आहेत की नाही हे आधी तपासावे. येथे आळस केला तर पुढचे सगळे काम वाया जाते. मार्किंग गेज फळीच्या जाडीपेक्षा केसभर जास्त लावून टोकाजवळ मुळाची रेघ ओढावी.

लांब फळ्यांवर शेपट्या काढाव्यात. दोन्ही कडांना ३ मि.मी. सोडावेत आणि मधल्या दोन दातांसाठी फळीच्या टोकावर २ मि.मी.च्या फटी ठेवाव्यात. उरलेल्या जागेत सारख्या तीन शेपट्या बसतात. उतार ६ ला १ ठेवावा. फळी ६ मि.मी. असल्यामुळे उतार प्रत्येक बाजूला १ मि.मी. सरकतो आणि फट मुळाशी ४ मि.मी. होते. मोठ्या कामात कठीण लाकडाला ८ ला १ उतार देतात, पण एवढ्या लहान पेटीत तो डोळ्यांना सरळच दिसतो. काढून टाकायच्या भागावर फुली मारावी. फुली न मारता करवत लावली की चुकीची बाजू कापली जाते, हा सर्वांचा अनुभव आहे.

कापणी

दोन्ही लांब फळ्या एकत्र धरून एकदमच कापाव्यात. फळी व्हाइसमध्ये इतकी कलती बांधावी की तिरपी रेघ उभी दिसेल. मग हात सरळच चालतो. मुळाच्या रेघेवर थांबावे, खाली जाऊ नये. मधला भाग फ्रेट करवतीने काढून उरलेले पटाशीने साफ करावे. अर्धे एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने, म्हणजे लाकूड फाटत नाही.

आता दुसरी फळी व्हाइसमध्ये उभी बांधावी, तिच्या टोकावर शेपट्यांची फळी ठेवावी आणि सुरीने शेपट्यांच्या कडा उतरवून घ्याव्यात. दातांची वेगळी मापे काढू नयेत. शेपटी हेच माप. दात कापताना करवत रेघेच्या बाहेर, फुलीच्या बाजूला चालवावी आणि रेघ शिल्लक ठेवावी. सांधा हाताने दाबून अर्धवट बसवून पाहावा. जेथे घट्ट असेल तेथे लाकूड चकाकते. तेवढेच पटाशीने हलके तासावे. पुन्हा पुन्हा पूर्ण बसवून काढल्यास तो सैल होतो.

सरस बारीक कुंचल्याने लावावा. पेटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असले की पेटी गुण्यात आहे. दुसऱ्या दिवशी कडेकडून आतल्या बाजूला रंधा फिरवावा, तळाला पातळ प्लाय चिकटवावी.

हिशोब व इमान

एका पेटीला चार कोपरे, बारा शेपट्या, म्हणजे शेपट्या व दात मिळून ४८ तिरपे काप. नवशिक्याचे दोन दिवस जातात. हात बसला की वेळ पुष्कळ कमी होतो. प्रत्येक पेटीचा वेळ वहीत लिहावा आणि किंमत लाकडावर नव्हे, वेळेवर ठरवावी. अत्तराच्या कुप्या, अंगठ्या, तसबीह, घड्याळ यांसाठी अशा पेट्या भेट म्हणून घेणारे गिऱ्हाईक निघते. त्याला खिळ्याची पेटी व ही पेटी शेजारी ठेवून फरक समजावून सांगावा.

शेवटी एक गोष्ट कबूल करतो. सुरुवातीच्या एका ऑर्डरमध्ये आमच्याकडून सांधे ढिले झाले. मुदत जवळ आली होती. आम्ही फटींत भुसा व सरसाची लांबी भरली, वर पॉलिश मारले आणि माल दिला. पावसाळ्यात लाकूड फुगले, नंतर आकसले, लांबी गळून पडली आणि पेट्या परत आल्या. व्यापाऱ्याने पैसे मागितले नाहीत. फक्त एवढेच विचारले की हे तुम्हाला देतानाच ठाऊक होते ना? आमच्याजवळ उत्तर नव्हते. धान्याच्या ढिगाखाली ओला माल झाकणाऱ्या विक्रेत्याला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी कसे खडसावले, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ढिगाखालचे ओले धान्य आणि पॉलिशखालचा भुसा यांत फरक तो काय?

त्या पेट्या आम्ही नव्या करून दिल्या. तेव्हापासून फट राहिली तर त्याच लाकडाची पातळ पाचर बसवतो, गिऱ्हाइकाला दाखवतो आणि किंमत कमी करतो. बहुतेक लोक ती पेटी तरीही घेतात. आपल्या तरुणांनी हे काम जरूर शिकावे. भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते. सबुरी मात्र भरपूर लागते. हात आणि इमान दोन्ही सांभाळले तर या रोजीत, इन्शाअल्लाह, बरकत आहे.