एका घराण्याला तीन वंश

धारच्या पवारांचा वंश कोणता? १९०८ साली हा प्रश्न हर्बर्ट रिस्लेला विचारला असता, तर त्याच्याच ग्रंथातून तीन उत्तरं निघाली असती. रिस्ले १९०१च्या जनगणनेचा आयुक्त. ‘द पीपल ऑफ इंडिया’मध्ये त्याने नाका-डोक्याच्या मापांचा हवाला देत हिंदुस्थानातल्या माणसांची सात शारीरिक प्रकारांत वाटणी केली. मध्य भारताचा बहुतेक भाग ‘द्रविड’, म्हणजे प्रदेशावरून धार-देवास तिकडे. मराठी मुलखातले ब्राह्मण आणि कुणबी ‘शक-द्रविड’, म्हणजे दख्खनेतून माळव्यात गेलेली मराठा घराणी त्या खान्यात. आणि राजपूत ‘इंडो-आर्य’. धारचे पवार आपलं मूळ परमारांत, राजा भोजाच्या कुळात सांगतात; देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे पवार त्यांचेच भाऊबंद. योगायोग असा की त्याच १९०८ साली कॅप्टन लुअर्ड आणि धारचे काशिनाथ कृष्ण लेले यांनी मिळून परमारांचा इतिहास छापला.

पवारांची नाकं कुणी मोजली होती, असा माझा दावा नाही. गंमत वेगळी आहे: कॅलिपर हातात घेण्याआधीच खाना ठरत होता, आणि तो ठरत होता नावावरून.

मोजणीही तपासून पाहू. नाकाच्या रुंदीला शंभराने गुणायचं आणि उंचीने भागायचं, हा नासिका निर्देशांक. सत्तरच्या खाली अरुंद, पंच्याऐंशीच्या वर रुंद, मधलं मध्यम. उंची ५० मिलिमीटर आणि रुंदी ४२ असेल तर निर्देशांक ८४, नाक मध्यम. उंची मोजताना एकच मिलिमीटर चुकून ४९ आली, की निर्देशांक ८५.७, गृहस्थ बसल्या जागी रुंद नाकाचा! कवटीवर नाकाचं मूळ हाडांच्या सांध्यावर नेमकं दिसतं. जिवंत माणसाच्या कातडीखाली ते बोटाने चाचपून ठरवायचं, आणि तेही गावोगाव फिरणाऱ्या मापकाने. शेकडो मापांच्या सरासरीत अशा चुका काही प्रमाणात विरतात, हे मान्य. पण सरासरी हा माणूस नव्हे, आणि रिस्लेने तर नाकाच्या रुंदीवरून जातीची सामाजिक पायरी सांगायला सुरुवात केली.

पश्चिम भारतात रुंद डोकी आढळली, तेव्हा ती कुठून आली याचं उत्तर त्याने शकांच्या स्वारीत शोधलं. रिस्लेच्या ग्रंथाच्या १९१५च्या आवृत्तीचा संपादक विल्यम क्रूक याच्याही ते गळी उतरलं नाही.

खरा हिशेब मागितला तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. १९३२च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’त त्यांनी उपलब्ध मापंच पुन्हा मांडली. नाक आणि जातीची उतरंड यांचा मेळ उत्तर प्रदेशाच्या आसपास थोडाफार बसतो. मुंबई इलाख्यात बसत नाही. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिसांनी रिस्लेच्या बंगालच्या आकड्यांतल्या चुका हुडकून काढल्या.

आणि इरावती कर्वे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली गेल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो, गोऱ्यांमध्ये तो अधिक, ही फिशरची अटकळ. नाझींना पुढे ज्याच्या वंशशास्त्राचा आधार वाटला, तोच हा फिशर. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की असा संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेत बसून मार्गदर्शकाविरुद्ध निष्कर्ष काढायला काय लागतं, हे पीएच.डी. करणाऱ्यांना सांगायला नको.

मात्र त्यांनी कॅलिपर टाकून दिला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या महाराष्ट्रभर मापं घेत राहिल्या, वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ साली ती प्रसिद्धही केली. प्रश्न तेवढा बदलला: हा कोणत्या वंशाचा, याऐवजी कोण कुणाशी लग्नं करतं. १९६८ साली कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना छापली. दर्जा एकच, धर्म एकच, रिस्लेच्या लेखी खानाही एकच. तरी शरीराच्या मापांत आणि रक्तगटांत या पोटजाती एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या.